खिशातला ओझोन-मापक : हवेसाठी उत्तम, झाडांसाठी अपुरा

जमिनीलगतचा ओझोन मोजणारे, मोबाइलएवढ्या आकाराचे एक यंत्र साताऱ्यातील आम्ही काही वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांनी वर्गणी काढून घेतले आणि पोवई नाक्यापासून महाबळेश्वरच्या पठारापर्यंत ते वापरून पाहिले.

त्याचा खरा उपयोग रात्री कळतो. वाहनांच्या धुरातील नायट्रोजनची ऑक्साइडे आणि सेंद्रिय वाफा यांच्यावर ऊन पडले की ओझोन तयार होतो. पण सूर्य मावळल्यावर त्याच धुरातील नायट्रिक ऑक्साइड तो संपवते, त्यामुळे नाक्यावर आकडा भराभर उतरतो, तर जेथे धूर विरळ आहे त्या पठारावर तो रात्रीही फारसा हलत नाही. लॉस एंजेलिसजवळच्या सॅन बर्नार्डिनो पर्वतातील पाँडेरोसा पाइन १९५०च्या दशकात पिवळे पडू लागले, त्यामागेही शहरातून वर गेलेला हाच वायू होता.

दोष सांगायचे तर यंत्र आकडा पीपीबीमध्ये (हवेच्या एक अब्ज भागांत ओझोनचे किती भाग) दाखवते आणि आपले राष्ट्रीय मानक आठ तासांसाठी घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. एक पीपीबी म्हणजे साधारण दोन मायक्रोग्रॅम, एवढी साधी गोष्टही माहितीपत्रकात नाही. दमट हवेत आणि नायट्रोजन डायऑक्साइड असेल तेथे वाचन भरकटते, तेव्हा पावसाळ्यात ते कपाटातच ठेवलेले बरे.

खोक्यावरचा ‘झाडांचे आरोग्य तपासा’ हा दावा मात्र मला मान्य नाही. ओझोन पानात शिरतो तो पर्णरंध्रांतून, म्हणजे पानावरच्या उघडमिट करणाऱ्या सूक्ष्म छिद्रांतून. उन्हाळ्यात दुपारी आकडा चढलेला असला, तरी माती कोरडी असेल तर झाड रंध्रे मिटून घेते आणि वायू आत फारसा जात नाही. उलट ओल असताना कमी आकडाही अधिक बाधू शकतो. हे यंत्राला कसे कळणार? त्यापेक्षा दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन जांभळाचे जुने, उन्हातले पान पाहावे : वरच्या बाजूलाच, शिरा सोडून मधल्या भागात तांबूस-जांभळट बारीक ठिपके असतील, तर ओझोनचा संशय घेता येतो. डाग शिरा ओलांडून पानाच्या खालीही उतरला असेल, तर आधी बुरशीचा विचार करावा.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेने हे यंत्र जरूर घ्यावे, मात्र प्रमाणीकरण (वाचन अचूक येते का हे तपासून जुळवून घेणे) कोठे आणि किती दिवसांनी करून मिळेल, हे विक्रेत्याकडून आधी लेखी घ्यावे.