अभ्रकाच्या नावाखाली संगमरवराचा चुरा

मातीत अभ्रक मिसळून स्वयंपाकाची भांडी करून बघायचा विचार असेल आणि माल फोनवरून मागवणार असाल, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. मी मागवलेल्या ५० किलोंत निम्म्याहून जास्त संगमरवराचा चुरा निघाला, आणि ते कळलं भांडी भाजून झाल्यावर.

आमच्या लाल मातीच्या हंड्या गॅसवर तडकतात, ही गिऱ्हाइकांची नेहमीची तक्रार. अभ्रकाचे पापुद्रे तापण्या-निवण्याचा धक्का बराच सोसतात, बारीक चीर गेलीच तर तिला पुढे सरकू देत नाहीत. न्यू मेक्सिकोत ताओस आणि पिकुरिसचे आदिवासी कुंभार अशाच अभ्रकी मातीची भांडी करतात, ती थेट विस्तवावर चढतात. सौराष्ट्रातल्या हडप्पाकालीन वस्त्यांतही अभ्रक असलेली लाल भांडी सापडली आहेत. आपला मुलूख काळ्या दगडाचा, इथल्या मातीत अभ्रक कुठून असणार? बाहेरूनच आणावं लागतं.

व्यापाऱ्याने आधी नमुना पाठवला, तो अस्सल होता. चिमटीत धरला की पापुद्रा वाकायचा, नखाने सुटायचा. त्याच्या वाट्या ९०० अंशांवर भाजल्या, गॅसवर एकही तडकली नाही. मग ऑर्डर दिली. व्यापारी झारखंडातल्या, अभ्रकाच्या खाणींच्या गिरिडीहचं नाव घेत होता: ‘मॅडम, गिरिडीह का माल है, आँख बंद करके ले लो.’ पूर्ण रक्कम आगाऊ, तीही कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यावर, आणि गाडीभाडं ‘टू पे’, म्हणजे माल घेताना मीच भरायचं. तपासणीचा म्हणून एक कागद व्हॉट्सअॅपवर आला. त्यावर नमुन्याचा क्रमांक होता, पण आलेल्या गोण्यांवर कसलाच क्रमांक नव्हता. बिलात ‘अभ्रक’ शब्दच नाही, नुसतं ‘मिनरल पावडर’.

गोणीत वरवर चकचकीत अभ्रक होतं. खालचा मालही चमकत होता, कारण संगमरवराचा दाणादेखील उजेडात चमकतो. भांडी भट्टीतून छान निघाली, टिचकी मारली तर खणखणीत आवाज. काही दिवसांनी एका हंडीच्या पोटावर नखाएवढी खपली उडालेली दिसली आणि खळग्याच्या तळाशी पांढरा ठिपका. मग दुसरीवर, तिसरीवर. झाकण्यांचे तर काठच ढासळले. कुंभाराला हे नवीन नाही, मातीत चुनखडीचा खडा राहिला की असंच होतं: भट्टीत त्याचा कळीचा चुना होतो आणि पुढे हवेतला ओलावा पिऊन तो फुगतो. पण माझी माती गाळलेली होती. उरलेल्या गोणीतला तळाचा चिमूटभर माल वाटीत घेऊन वर लिंबू पिळलं, तर फसफसून फेस आला. म्हणजे संगमरवर, तोही चुनखडीचाच. अभ्रकाला लिंबाने काहीही होत नाही.

फोन केला तर आधी ‘आपकी भट्टी ज्यादा गरम हुई होगी’, मग ‘खदान का माल है, उन्नीस-बीस तो होगा’, मग नंबर ब्लॉक. गिरिडीह-कोडर्माकडच्या बऱ्याच खाणी १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर बंद पडल्या. आता तिथं बरंचसं अभ्रक जुन्या ढिगाऱ्यांतून वेचलं जातं, त्याला ‘ढिबरा’ म्हणतात, आणि वेचणाऱ्यांत लहान मुलंही असतात. अशा मालाला धड कागद नसतातच. त्यामुळे ‘गिरिडीहचा’ म्हणायला कुणाच्या बापाचं काय जातं!

पोतं उघडाल तेव्हा हात तळापर्यंत घाला. तिथला माल ग्लासभर पाण्यात ढवळा, जड दाणे झटकन खाली बसतात, पातळ पापुद्रे रेंगाळतात. लिंबाने फेस आला नाही तरी निर्धास्त होऊ नका. डोलोमाइटी (मॅग्नेशियम असलेला) संगमरवर लिंबाला फारशी दाद देत नाही, त्याची बारीक पूड करून फरशी धुण्याच्या अॅसिडचा थेंब टाका. मग तोच माल मातीत मिसळून एक चकती भाजून आठवडाभर ओलसर जागी ठेवा. आपल्या आयुर्वेदातल्या रसशास्त्रातही अभ्रकाचे पिनाक, दर्दुर, नाग आणि वज्र हे प्रकार विस्तवावर टाकूनच ओळखायचे. साबण-रेझिनवाल्यांचं रंगीत ‘मायका’ (अभ्रकाची पूड) मात्र मुळातच घेऊ नका. त्यावर रंगाचा लेप असतो आणि काही पुड्यांत चक्क प्लास्टिकची चमकी निघते, ती भट्टीत जळून घाण वास सोडते.

जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर फुकट तपासता येतो. मला दिलेला क्रमांक भलत्याच धंद्याचा निघाला. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आहे, ऑनलाइन पैसे गेल्याची १९३० वरही. पैसे अजून आलेले नाहीत. दरम्यान, मला पाठवलेला चकचकीत अभ्रकाचा तोच फोटो आता वेगळ्या नावाने आणि वेगळ्या नंबरने फिरतो आहे, दर मात्र किलोमागे आणखी कमी.