समाजाच्या जनुकीय अभ्यासाला रक्त द्यावं, की आधी स्वतःचं तपासावं?

नागपुरात वधू-वर परिचय मेळावा असला की समाजभवनात जोडीला आरोग्य शिबिरही होतं. उद्या तिथे कुणी हृदयरोग-मधुमेहाच्या जनुकीय अभ्यासासाठी रक्त मागितलं तर द्यावं का? की त्यापेक्षा धंतोलीतल्या एखाद्या लॅबमध्ये स्वतःच्या तपासण्या कराव्यात? तिसरा पर्याय घरपोच डीएनए किटचा.

किटचं आधी उरकतो. त्यातलं धोक्याचं गणित बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांवर बसवलेलं असतं, आपल्याला ते नीट लागू पडत नाही. माझ्या मते पैसे वाया.

समाजाचा अभ्यास मात्र मोलाचा. पिढ्यानपिढ्या आपसातच सोयरिकी झाल्या की एखाद्या पूर्वजाच्या जनुकातला दुर्मीळ बदलही समाजात बऱ्याच जणांकडे उतरतो, म्हणून तो हाती लागतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या आमिश या आपसातच लग्नं करणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांत सुमारे ५ टक्के जणांच्या एपीओसी३ जनुकाची एक प्रत निकामी असल्याचं २००८ मध्ये दिसलं. त्यांचे ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) कमी, हृदयाच्या धमन्यांत साचलेलं कॅल्शियमही कमी. आता याच जनुकाला रोखणारी औषधं आली आहेत. ग्रीनलंडच्या मूळ रहिवासी इनुइटांत नेमकं उलटं: टीबीसी१डी४ या जनुकातला एक बदल आई-वडील दोघांकडून आला, तर टाइप २ मधुमेहाचा धोका जवळपास दहापट.

पण रक्त देणाऱ्याला त्यातून काय मिळतं? बहुतेकदा काहीच नाही. विदर्भात सिकलसेलमुळे ‘एएस की एसएस’, म्हणजे नुसता वाहक की रुग्ण, अशा सरळ उत्तराची सवय झाली आहे. तिथे एकाच जनुकाचा मामला असतो. मधुमेहात शेकडो जनुकं, वर पोटाचा घेर नि सावजीचा तर्रीदार रस्सा. ‘आहे’ किंवा ‘नाही’ असं कुणी सांगू शकत नाही.

लॅबमधली तपासणी साधी, पण उपयोग लगेच. लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी), एचबीए१सी (तीनेक महिन्यांची सरासरी साखर), आणि आयुष्यात एकदा लिपोप्रोटीन-ए (हृदयरोगाचा धोका वाढवणारा चरबीचा कण). हे शेवटचं जवळजवळ पूर्ण आनुवंशिकच असतं. एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल १९० च्या वर, घरात कुणाला पन्नाशीच्या आत अटॅक, टाचेमागची शीर बोटाला जाड लागते, असं काही असेल तर आनुवंशिक कोलेस्टेरॉलची शंका घ्या. मग जनुकीय चाचणीला खरा अर्थ येतो, कारण मुला-भावंडांपैकी प्रत्येकाला ते असण्याची शक्यता निम्मी असते आणि कोलेस्टेरॉलची गोळी वेळेत सुरू करता येते.

म्हणून आधी लॅब. नंतर अभ्यासाला खुशाल रक्त द्या, पण अध्यक्षसाहेबांनी आग्रह केला म्हणून सही नको. उपचार करण्याजोगं काही सापडलं तर कळवणार का, नमुना कुठे नि किती वर्षं ठेवणार, मध्येच माघार घेता येते का, हे संमतीपत्रात वाचा. लहान समाजात नाव झाकलं तरी गाव, वय नि आडनावावरून माणूस ओळखू येतो. ‘त्यांच्या घराण्यात हृदयाचं आहे’ हे सोयरीक जुळवणाऱ्यांच्या कानी जाऊ नये यासाठी माहिती कशी ठेवणार, तेही तिथल्या तिथे विचारा.