एका कोनाचे पाच मार्क: मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस, सात महिने वापरून

मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलसचा, म्हणजे एकाहून जास्त चलांच्या कॅल्क्युलसचा, निकाल लागला. शंभरपैकी ५७. पास आहे, पण ६० ला ग्रेड बदलते आणि माझे तीन मार्क कुठे अडकलेत ते मला पक्कं ठाऊक आहे. पेपर दाखवायच्या दिवशी उत्तरपत्रिका पाच मिनिटं हातात मिळाली. प्रश्न पाच ‘ब’, सातपैकी दोन, भोवती लाल गोल. अंतिम उत्तर बरोबर, तरी दोन! म्हणून हा सगळा प्रपंच.

प्रश्न नेहमीचाच. वर दोन त्रिज्येचा गोल, खाली उभ्या अक्षापासून पंचेचाळीस अंशांत उघडणारा शंकू, मधल्या भागाचं घनफळ काढा. म्हणजे आइस्क्रीमचा कोन, वर घुमट आलेला. ज्यांनी हा विषय केलाय त्यांच्या डोळ्यांसमोर चित्र आलंच असेल. स्फेरिकल (बिंदूची जागा एक अंतर आणि दोन कोनांनी सांगायची पद्धत) लावायचं, तीन ओळींत उत्तर: सोळा पाय भागिले तीन, गुणिले एक वजा एक भागिले रूट दोन. साधारण ४.९. माझंही तेच.

आधी थोडं माझ्याबद्दल, म्हणजे कुरकुर कुठून येतेय ते कळेल. मी सिव्हिलचा डिप्लोमावाला, वय ४१. वीस वर्षं पाणलोटाच्या कामात: सलग समतल चर, नालाबांध, शेततळी. २०२३-२४ पासून एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) नोकरदारांसाठी संध्याकाळच्या बॅचना परवानगी दिली, तेव्हापासून डोक्यात किडा होता. गेल्या वर्षी डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला. डिप्लोमावाल्यांचं पहिल्या वर्षाचं गणित राहिलेलं असतं, म्हणून हा पेपर जादा लावतात. कॉलेज ऑटोनॉमस, त्यामुळे पेपर त्यांचा, तपासणी त्यांची आणि फीही त्यांचीच. या विषयाच्या वाट्याला येणारी फी मी लेक्चरांच्या संख्येने भागून पाहिली. एका लेक्चरला २१० रुपये पडले. त्यातली चार लेक्चरं प्रोजेक्टर सुरू करण्यात गेली.

आता मुख्य तक्रार. स्फेरिकलमध्ये दोन कोन असतात. एक, झेड अक्षापासून किती झुकलात तो. दुसरा, जमिनीवर गोल किती फिरलात तो. आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या पुस्तकांत झुकण्याला थीटा म्हणतात आणि फिरण्याला फाय. फिजिक्सवाल्यांचंही तेच, आणि आयएसओ ८००००-२ हे मानकही तेच सांगतं. अमेरिकेतल्या गणिताच्या वर्गात नेमकं उलटं: झुकण्याला फाय, फिरण्याला थीटा, आणि अंतराला आर ऐवजी रो. त्यांचं म्हणणंही अगदीच वेडेपणाचं नाही. साध्या पोलरमध्ये जमिनीवरच्या कोनाला आपण थीटाच म्हणत होतो, मग तिसरी मिती आली म्हणून त्याचं नाव कशाला बदलायचं? लग्नात मुलीचं नाव बदलतात तसं.

पण मी लेव्हल घेणारा माणूस. आमच्या धंद्यात बेंचमार्क, म्हणजे उंची जिथून मोजायची ती खूण, एकदा ठरला की ठरला. दोन टीमनी दोन वेगळे बेंचमार्क धरले तर पाटाचं पाणी उलटं डोंगरात जाईल. इथे मात्र दोन्ही बेंचमार्क बरोबर, तुमचं तुम्ही बघून घ्या.

माझी पंचाईत अशी की वर्गातलं अर्धंच कळायचं (दिवसभर साइटवर उन्हात, मग सव्वासहाचं लेक्चर), म्हणून उरलेलं घरी एमआयटीच्या फुकट व्हिडिओंवर शिकलो. अमेरिकेतली एमआयटी, कोथरूडची नव्हे. १८.०२ नावाचा कोर्स, २००७ साली चित्रित झालेली ३५ लेक्चरं, काळा फळा आणि खडू. एक पैसा लागत नाही. दिवाळीच्या सुट्टीत दीडपट वेगाने बघून टाकली. तेव्हा पेपरातही रो, फाय, थीटा असंच लिहिणार ना? तपासणाऱ्याकडे छापील उत्तर आर, थीटा, फायचं. त्याने अक्षरं जुळवली, जुळली नाहीत, पाच मार्क गेले. हे विषय शिकवणाऱ्या मॅडमना सांगितलं. वयाने माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, तरी मी त्यांना मॅडम म्हणतो आणि त्या मला सर म्हणतात. शांतपणे म्हणाल्या, “सर, तुम्ही लेखी अर्ज करा.” केला. झेरॉक्सचे ३०० रुपये भरले.

बायको म्हणाली, “अहो, तीनशे रुपयांत खऱ्या आइस्क्रीमचा फॅमिली पॅक आला असता.”

झेरॉक्स यायला पंधरा दिवस लागतात, तोवर विषयाबद्दल. कारण विषयाला नावं ठेवायची माझी इच्छा नाही.

पहिला महिना मात्र रटाळ. पार्शल डेरिव्हेटिव्ह: डो यू बाय डो एक्स, डो यू बाय डो वाय, एकाला हलवा, बाकीच्यांना गप्प बसवा. (व्हिडिओत ‘डो’ कुणीच म्हणत नाही. ‘डो’ म्हटलं की आपल्याकडचा माणूस लगेच ओळखू येत असावा.) ऑइलरच्या प्रमेयावरची गणितं तर दळण. डोकं बाजूला ठेवून मार्क मिळवायचे असतील तर तिथे मिळतात. पण माझ्या डोक्यात एकच: हे मला साइटवर कधी लागलंय?

आणि मग ग्रेडियंट आला, म्हणजे उंची सगळ्यात वेगाने वाढते ती दिशा. मॅडमनी फळ्यावर लेव्हल कर्व्ह काढले, एकात एक वेडेवाकडे गोल, आणि म्हणाल्या की ग्रेडियंट नेहमी यांना काटकोनात असतो. मागच्या बाकावर मी सरळ होऊन बसलो. अहो, हे कंटूर, समान उंचीच्या रेषा! वीस वर्षं ए-फ्रेम घेऊन डोंगरउतारावर हेच तर मारतोय. दोन पाय, मध्ये ओळंबा, दोरी मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीवर, फक्की टाका, पुढे चला. त्या फक्कीच्या रेषेवर उंची बदलत नाही, म्हणजे त्या दिशेला डेरिव्हेटिव्ह शून्य. म्हणून सगळ्यात तीव्र उतार तिला काटकोनातच असणार, पाणी तसंच धावणार, आणि म्हणून चर उताराला आडवा खणायचा. २०१८ च्या वॉटर कपमध्ये एका गावच्या पोरांना मी हेच शिकवलं होतं. एकाने विचारलं होतं, “साहेब, आडवाच का? थोडा तिरका का नको?” मी म्हणालो होतो, “तसंच असतं.” उत्तर आज मिळालं. तिरक्या चराच्या दिशेला डेरिव्हेटिव्ह शून्य नसतो, म्हणजे चर स्वतःच उतारावर असतो. पाणी त्यात थांबत नाही, त्यातूनच वाहत सुटतं आणि खालचं टोक फोडतं.

फीचे निम्मे पैसे मी त्या दिवशी वसूल धरले.

लॅग्रांजचा गुणक (अट पाळून कमीत कमी किंवा जास्तीत जास्त काढायची युक्ती) हाही तसाच. डिप्लोमात पाठ केलं होतं की आयताकृती पाट सगळ्यात किफायतशीर हवा असेल तर रुंदी खोलीच्या दुप्पट ठेवायची. का, ते विचारायचं नसतं, वायव्हाला सांगायचं असतं. इथे दोन ओळींत आलं. रुंदी बी, खोली डी. पाण्याचा काटछेद ठरलेला आहे, बी गुणिले डी. अस्तर लागतं बी अधिक दोन डी, ते कमीत कमी हवं. एक बरोबर लॅम्डा डी. दोन बरोबर लॅम्डा बी. झालं, बी बरोबर दोन डी. समलंब पाटाला तेच लावलं की अर्धा षटकोन येतो. सिमेंटची गोण वाचवायचं याहून सुंदर गणित मी पाहिलेलं नाही. पेपरात यावर काय आलं? एका प्रतलावर आरंभबिंदूपासून सर्वात जवळचा बिंदू काढा. असो.

डबल आणि ट्रिपल इंटिग्रल म्हणजे सगळी मारामारी मर्यादा लावण्याची. इंटिग्रेशन कुणीही करतो, चित्र काढता येत नाही. माझं चित्र बरं निघायचं, कारण धरणाची साठवण क्षमता काढताना दर कंटूरचं क्षेत्रफळ मोजून प्रिझमॉइडल सूत्रात घालायचं, हे हातात बसलेलं. वीस वर्षं ट्रिपल इंटिग्रल करत होतो आणि त्याचं नाव माहीत नव्हतं.

शेवटचं युनिट, ग्रीन, गाऊस, स्टोक्स यांची प्रमेयं, तीन लेक्चरांत उरकलं. हे मला परवडलेलं नाही. स्टोक्सचं प्रमेय पहिल्यांदा छापून आलं तेच मुळी परीक्षेच्या पेपरात, केंब्रिजला, १८५४ साली, आणि त्या परीक्षेला मॅक्सवेल बसला होता, पुढे विद्युतचुंबकत्वाची समीकरणं मांडणारा. आमच्याकडेही ते थेट पेपरातच भेटलं. बसलेल्यांत मॅक्सवेल नव्हता, एवढाच फरक.

ग्रीनचं प्रमेय मी माझं माझं केलं, ते आमच्या ऑफिसातल्या प्लॅनिमीटरवर, म्हणजे नकाशावरचं क्षेत्रफळ मोजायच्या यंत्रावर. लाकडी पेटी, आत निळी मखमल, कपाटात फाइलींखाली दहा वर्षं पडून होती. डिप्लोमाच्या सर्व्हेइंगमध्ये सगळ्यांनी वापरलाय: एक पाय कागदात रोवायचा, दुसऱ्या दांडीचं टोक तलावाच्या रेघेवरून फिरवत जिथून निघालो तिथे परत यायचं, चाकावरचं रीडिंग वाचायचं, स्थिरांकाने गुणायचं. क्षेत्रफळ हजर. आत पाऊलही न टाकता, नुसती हद्द फिरून. तेव्हा जादू वाटायची आणि सरांना विचारायची हिंमत नव्हती. आता मान वाकवून त्या चाकाकडे बघत बसलो. टोक दांडीच्या दिशेने सरकवलं की चाक नुसतं घसरतं, फिरत नाही. दांडीला आडवं नेलं की फिरतं. म्हणजे हद्दीवरून जाताना ते एका व्हेक्टर फील्डचा लाइन इंटिग्रल (वाटेवरची बेरीज) जमा करत असतं, आणि ग्रीन म्हणतो की तो आतल्या क्षेत्राएवढा. ॲम्सलरने हे यंत्र १८५४ सालीच काढलं. शिपाईमामांनी दोनदा येऊन विचारलं, साहेब काही हरवलंय का.

जॉर्ज ग्रीन नॉटिंगहॅमच्या गिरणीवाल्याचा मुलगा. १८२८ साली त्याने आपला निबंध वर्गणी गोळा करून छापला, वर्गणीदार ५१. कॉलेजात गेला तेव्हा वय ४०. बॅचमधली पोरं मला काका म्हणतात, त्यांना हे सांगितलं. त्यांनी विचारलं, “काका, हे परीक्षेला आहे का?”

वरचं सगळं झेरॉक्स यायच्या आधी लिहून ठेवलेलं. तेव्हा निष्कर्ष असा होता: विषयाला पाचपैकी पाच, थीटा-फायच्या गोंधळाला आणि तपासणीला शून्य.

झेरॉक्स आली. चष्मा लावून बसलो. पहिल्या ओळीत मर्यादा: रो शून्य ते दोन, फाय शून्य ते पाय भागिले चार, थीटा शून्य ते दोन पाय. चोख, अमेरिकन पद्धत. दुसऱ्या ओळीत इंटिग्रलच्या आत मी लिहिलंय: आर वर्ग साइन थीटा. वर्गातल्या वहीतलं! हवं होतं रो वर्ग साइन फाय. लाल गोल नेमका त्या साइन थीटाभोवती, शेजारी एक बारीक प्रश्नचिन्ह.

आता मी लिहिलंय तसंच ते सोडवलं तर काय येतं? साइन थीटाचा शून्य ते दोन पाय इंटिग्रल शून्य. माझ्या कोनाचं घनफळ शून्य. खाली मात्र रुबाबात ४.९, कारण उत्तर व्हिडिओमुळे पाठ होतं. तपासणाऱ्याने चित्राचे आणि मर्यादांचे दोन दिले, आणि पाठ केलेल्या उत्तराला काही दिलं नाही. त्याच्या जागी मी असतो तर कंत्राटदाराचं असं बिल मीही अडवलं असतं.

मग रीव्हॅल्युएशन कशाला केलं? ५०० रुपये आधीच भरले होते आणि परत मिळत नाहीत. प्रश्न तीनमध्ये एक मार्क वाढला, तोही मी तक्रार न केलेल्या ठिकाणी. ५८. म्हणजे ८०० रुपयांचा एक मार्क, आणि ग्रेड तीच. मॅडम जिन्यात भेटल्या तेव्हा मीच विषय काढला. त्या म्हणाल्या, “सर, दरवर्षी चार-पाच जण होतात असे. व्हिडिओवाले.” मग पुढच्या वर्षी पहिल्याच दिवशी फळ्यावर सांगा ना, असं मी म्हटलं. म्हणाल्या, सांगते. माझी चूक मी मान्य केली, पण अक्षरांबद्दलचं मत बदललेलं नाही. एका विषयात दोन बेंचमार्क नकोत.

पैशांचं राहिलंच. प्रमाणपत्रापुरतं शिकायचं असेल तर स्वयम्-एनपीटीईएलवर (सरकारी ऑनलाइन कोर्स) विषय फुकट आणि परीक्षेचे १०००, ते स्वस्त पडतं. मला डिग्री हवी होती म्हणून इथे बसलो. पुस्तक नवं घेऊ नका. मी अप्पा बळवंत चौकातून जुनं १८० ला आणलं, आधीच्या मालकाच्या पेन्सिलीच्या खुणांसकट. परवा विकायला काढलं म्हणून चाळत होतो, तर स्फेरिकलच्या पानावर समासात बारीक अक्षरांत: ‘थीटा झेडपासून!! व्हिडिओचं विसर.’ खाली दोनदा रेघ. ते पान मी सेमिस्टरभरात उघडलंच नव्हतं.

दुकानदार ६० रुपये म्हणाला. मी म्हटलं, १८० ला तुमच्याकडूनच नेलंय. म्हणाला, “काका, पानापानावर पेन्सिल आहे, कोण घेणार?” घेऊन परत आलो.