शब्दकोशाचे अ‍ॅप आणि ‘ओस’ची नोंद

मराठी शब्दकोशाचे हे अ‍ॅप मी गेले चार महिने मजकूर तपासण्याच्या कामासाठी रोज वापरत आहे. शोध झटपट लागतो, इंटरनेट नसतानाही शब्द सापडतो आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकले तरी जवळचे शब्द पुढे येतात. तक्रार आहे ती अर्थाच्या नोंदींबद्दल.

‘ओस’ या शब्दापुढे ‘ओसाड, उजाड, भकास, निर्जन, रिकामे’ एवढेच दिले आहे. मराठी शिकणाऱ्या कुणी या आधारावर ‘डबा ओस आहे’ असे लिहिले, तर त्याला दोष कसा द्यायचा? ‘ओस’ हा संस्कृत ‘उद्वस’वरून आला; जिथली वस्ती उठली, ते ओस. त्यामुळे एखादी जागा ओस पडायची, तर तिथे आधी माणसांचा वावर असावा लागतो. गाव ओस पडते, बाजार ओस पडतो, सुट्टीत शाळेचे मैदान ओस पडते आणि शाळा उघडली की पुन्हा भरते. ‘ओसाड’ म्हटले की ही परतीची आशा बहुधा संपलेली असते. ‘भकास’ तर पाहणाऱ्याच्या मनाबद्दल बोलतो. भरल्या घरातही भकास वाटू शकते. ‘ओस’ बहुतेक वेळा ‘पडणे’ या क्रियापदासह येतो, याचाही नोंदीत उल्लेख नाही.

त्याहून गंभीर चूक ‘बेचिराग’ची आहे. हा शब्द शोधला की अ‍ॅप थेट ‘बेचिराख’वर नेते आणि ‘जळून राख झालेले’ असा अर्थ दाखवते. फारसीत चिराग म्हणजे दिवा. ज्या गावात दिवा लावायला कोणी उरले नाही, ते बेचिराग. महसुली दप्तरात वस्ती नसलेल्या गावाला हाच शब्द आहे, मग तिथली शेते शेजारच्या गावचे लोक कसत असले तरीही. पुढे लोकांना त्यात ‘राख’ ऐकू आली आणि ‘बेचिराख’ रूढ झाला. त्याला आता चूक म्हणण्यात अर्थ नाही, पण दोन्ही नोंदी स्वतंत्र हव्यातच; नाहीतर जुने कागद वाचणाऱ्याला नुसते उठून गेलेले गाव जाळलेले वाटेल.

वाक्प्रचारांचा विभाग मात्र मनापासून केलेला आहे. ‘ओसाड गावची पाटीलकी’ तिथे अर्थासह आणि चांगल्या उदाहरणासह मिळाली. शुद्धलेखनासाठी हे अ‍ॅप मी निःशंकपणे सुचवेन. अर्थासाठी छापील कोश अजून हाताशी ठेवावा लागतो.