आधी आकृती, की आधी रंग?

एकाच कॅनव्हासवर मूर्त (ओळखू येणारी आकृती) आणि अमूर्त (नुसते रंग आणि आकार) दोन्ही हवं असेल, तर सुरुवात कुठून करायची हे आधी ठरवावं लागतं. एक तर समोरच्या माणसाचं रेखाटन करायचं आणि मग ते मोडत न्यायचं; किंवा नुसते फटकारे टाकत जायचं आणि त्यातून आकृती वर येण्याची वाट पाहायची. पूर्ण झालेली चित्रं कधीकधी सारखी दिसतात, पण काम करताना दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

रेखाटनापासून निघालात तर अडल्यावर परतायला जागा असते. खांदा कुठे वळला होता, कोपर कुठे टेकलं होतं, हे कागदावर असतंच. भारतीय चित्रकार तय्यब मेहतांच्या तिरप्या रेषेने दुभंगलेल्या आकृत्या पाहा: रंग सपाट, सावली जवळपास नाहीच, तरी तुटलेल्या देहाचं वजन जाणवतं, कारण रेखाटन पक्कं आहे. अमेरिकन चित्रकार रिचर्ड डीबेनकॉर्न यांचं उदाहरण आणखी बोलकं. १९५५ च्या सुमारास ते अमूर्त सोडून आकृतीकडे वळले आणि १९६७ मध्ये 'ओशन पार्क' या चित्रमालिकेपासून पुन्हा अमूर्ताकडे गेले. मधल्या काळात खुर्चीवरची बाई आणि मागची खिडकी यांना ते जवळजवळ सारखंच वागवतात. चेहरा चार फटकाऱ्यांत आटोपतो. या वाटेवरचा धोका एकच. चेहरा आवडला की तो मोडवत नाही, आणि नीटस व्यक्तिचित्रामागे रंगीत पडदा टांगल्यासारखं काहीतरी हाती येतं. असली चित्रं ढिगाने दिसतात.

दुसऱ्या वाटेला हा मोह नाही, पण आधारही नाही. डच-अमेरिकन चित्रकार विलेम डी कूनिंग यांचं 'वूमन १' या चित्राचं काम १९५० ते १९५२ चाललं होतं. रंग चढवायचा, खरवडायचा, पुन्हा चढवायचा. मध्ये तर त्यांनी तो कॅनव्हास बाजूलाच टाकला होता. रेखाटनं तेही करत, पण आकृतीचा निकाल लागायचा तो रंगातच.

तैलरंग की ॲक्रिलिक, हेही यावरच ठरतं. खरवडायचं असेल तर तैलरंग; थर काही दिवस मऊ राहतो. डी कूनिंग ओला रंग लवकर सुकू नये म्हणून त्यावर वर्तमानपत्र लावत, आणि कधीकधी त्याची शाई चित्रावर उमटून राही. मात्र खालचे थर कमी तेलाचे, वरचे जास्त तेलाचे हा क्रम चुकला, तर पुढे भेगा पडतात. सपाट रंग आणि धारदार कडा हव्या असतील तर ॲक्रिलिक सोयीचं. ते लगेच सुकतं, त्यामुळे चूक झाकणं सोपं, खरवडणं अवघड.

माझा कल पहिल्या वाटेकडे आहे, निदान सुरुवातीच्या काही चित्रांपुरता. हात रेखाटनात मुरलाय आणि चित्र फारच नीट होतंय याचा कंटाळा आलाय, त्याने खुशाल दुसरी घ्यावी. कच्च्या हाताने ती घेतली, तर रंगात सापडणाऱ्या आकृत्या त्याच त्या निघतात: दोन डोळे, एक पक्षी, पाठमोरी बाई.