सातपूरमध्ये करून घेतलेला सात दात्यांचा भाला: मिनेसोटाच्या गोठलेल्या तळ्यांवर कसा चालतो

गोठलेल्या तळ्यावर आतून पूर्ण काळोखी झोपडी उभारायची, बर्फात चौकोनी भोक कापायचं, पाण्यात लाकडी आमिषमासा नाचवायचा आणि त्याच्या मागे आलेला नॉर्दर्न पाइक हा शिकारी मासा भाल्याने टिपायचा, ही अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याची जुनी रीत. यासाठीचे भाले तिकडे तयार मिळतात. तरीही नाशिकमधून करून नेण्यात अर्थ आहे, कारण वजन, लांबी आणि दात्यांमधलं अंतर आपल्या मापाने सांगता येतं आणि लेथ, वेल्डिंग, बफिंग सगळं सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत हाताशी असतं. इथे तपासलेला भाला तिथल्याच एका छोट्या वर्कशॉपचा आहे. किंमत साडेचार हजार रुपयांच्या आसपास. भाला घेण्यासारखा आहे, पण वर्कशॉप स्वतःहून देतं तसा घेऊ नका.

आधी मापं. एकूण लांबी १५० सेंटीमीटर. ८ मिलिमीटर गजाचे ७ दाते, प्रत्येकी २८ सेंटीमीटर, २५ बाय १२ मिलिमीटरच्या पट्टीवर एका ओळीत, मध्यापासून मध्यापर्यंत २८ मिलिमीटर अंतरावर. दांड्याचे ६० सेंटीमीटरचे दोन तुकडे: खालचा २० मिलिमीटरचा भरीव गज, वरचा त्याच जाडीचा पोकळ पाइप. वजन ३.२ किलो.

खाली भरीव, वर पोकळ ही रचना या भाल्याची सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे. तोल टोकापासून साधारण ५५ सेंटीमीटरवर येतो, म्हणजे लांबीच्या एक तृतीयांशापेक्षा थोडा वर. हा भाला जोरात फेकायचा नसतो. दाते आवाज न करता पाण्यात बुडवून ठेवायचे, मासा बरोबर खाली आला की हाताने दिशा देत सोडून द्यायचा. उरलेलं काम वजन करतं. डोकं जड आणि शेपूट हलकी असली की तो सरळ उतरतो. पूर्ण दांडा भरीव करून घेतला तर वजन चार किलोच्या वर जातं, तोल वर सरकतो आणि आठ-दहा फूट पाण्यात भाला कलायला लागतो. पूर्ण पोकळ केला तर मोठ्या माशाच्या पाठीत दाते पुरेसे रुतत नाहीत.

२८ मिलिमीटरचं अंतरही योग्य आहे. मध्यम पाइकची पाठ वरून सुमारे दोन इंच रुंद दिसते. दात्यांची ओळ माशाला आडवी धरली तर एक दाता नक्की, बहुतेक वेळा दोन बसतात, आणि नेम डावी-उजवीकडे तीन बोटं चुकला तरी चालतं. अंतर ४० पर्यंत नेऊ नका, मग बहुतेक वेळा एकच दाता बसतो.

आता दोष. पहिला आणि गंभीर दोष धातूचा आहे. वर्कशॉप दात्यांना ईएन ८ वापरतं. हे मध्यम कार्बनचं पोलाद आहे. आधी गरम न करता वेल्डिंग केलं तर सांध्याशेजारचा भाग कडक आणि ठिसूळ होतो. नाशिकच्या हवेत तो टिकेलही, पण गोठणबिंदूजवळच्या पाण्यात, तळाच्या दगडावर आपटल्यावर, दाता नेमका पट्टीजवळ तुटतो. काही कारागीर ‘टोकांना पाणी देतो, मग बोथट होणार नाहीत’ असं, म्हणजे टोकं तापवून, बुडवून कडक करायचं सुचवतात. नको म्हणा. दगडावर वाकलेलं टोक कानस मारून पुन्हा जागेवर आणता येतं, तुटलेलं नाही. सरळ ३०४ ग्रेडचं स्टेनलेस मागा, टिग वेल्डिंग आणि ३०८ एल फिलरसकट (फिलर म्हणजे सांध्यात वितळवून भरायची तार). हा धातू थंडीत ठिसूळ होत नाही आणि गंजतही नाही. खर्च वाढतो, पण तो कमी करण्याची जागा ही नव्हे.

दुसरा दोष उलट्या काट्यांचा, म्हणजे दात्यांवरून मासा निसटू न देणाऱ्या काट्यांचा. ते ग्राइंडरने खाच पाडून केलेले आहेत. खाचेमुळे ८ मिलिमीटरचा गज तिथे पाच-साडेपाचचा उरतो आणि मासा झटके देतो तेव्हा तिथेच वाकतो. खाच न पाडता गज तापवून छिन्नीने काटा उचलून घ्यावा, टोकापासून दीड सेंटीमीटर वर. कडेच्या दोन दात्यांचे काटे आतल्या बाजूला हवेत, नाहीतर भाला वर ओढताना ते बर्फाच्या कडेत अडकतात आणि धडपडणारा मासा तिथेच सुटतो.

जोडणीला एम १२, म्हणजे १२ मिलिमीटर व्यासाचे, आटे आहेत. आटे स्वच्छ पाडलेत, पण सततच्या हादऱ्यांनी जोड सैल होतो आणि हातमोजे घालून तो पुन्हा आवळता येत नाही. चेक नट (जोड सैल होऊ न देणारा जादा नट) लावून घ्या आणि दोन्ही तुकड्यांवर १७ चा पाना बसेल अशा सपाट बाजू काढून घ्या. यासाठी टर्नरला अर्धा तासही लागत नाही.

वरच्या पाइपचं तोंड नुसतं प्लास्टिकच्या बुचाने बंद केलेलं येतं. आत पाणी शिरतं, भाला बाहेर काढून ठेवला की गोठतं आणि पाइप फुगवतं. तोंड वेल्डिंगने बंद हवं. दोरीची कडीही त्याच टोकावर, अगदी मध्यभागी हवी. आमच्यासमोरच्या नगात ती बाजूला जोडलेली होती. दोरीने ओढताना भाला तिरपा येतो आणि दाते माशासकट भोकाच्या कडेवर घासतात.

ताबा घेण्याआधी दोन तपासण्या वर्कशॉपमध्येच करा. भाला कडीला दोरी बांधून टांगा आणि शेजारी ओळंबा सोडा. मधला दाता ओळंब्याच्या रेषेत हवा, दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर परत द्या. मग सगळी टोकं फरशीवर टेकवून बघा. एक जरी दाता आखूड असला तरी तो धरणार नाही.

दोरी बरोबर मिळत नाही. नाशिकच्या मेन रोडच्या बाजारातून ६ मिलिमीटरची विणीची पॉलिप्रॉपिलीन दोरी २५ फूट घ्या. ती तरंगते आणि पाणी पीत नाही. नायलॉन भिजून गोठलं की काठीसारखं ताठ होतं. दुसरं टोक मनगटाला नाही, झोपडीच्या चौकटीला बांधा.

आमिषमासा हवा असेल तर पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन लाकूड पुरतं. सात-आठ इंचांचा मासा, पोटात खाच करून शिसं, इतकं की सावकाश बुडेल. पर तांब्याच्या पातळ पत्र्याचे. त्यासाठी तांबट आळीतला तुकडा उत्तम, कारण तो हाताने वाकतो आणि पराचा कोन बदलून मासा डावीकडे-उजवीकडे गोल फिरवता येतो.

विमानाने नेताना हा भाला चेक-इन सामानातच जातो. सगळ्यात लांब तुकडा ६० सेंटीमीटर, त्यामुळे मोठ्या बॅगेत तिरपा बसतो. प्रत्येक दात्यावर रबरी नळीचा तुकडा चढवा आणि डोकं जाड पुठ्ठ्यात गुंडाळा, म्हणजे बॅग उघडणाऱ्याच्या हाताला लागणार नाही.

वापरताना एक गोष्ट नवख्यांना फसवते. सरळ खाली पाहताना मासा बाजूला सरकलेला दिसत नाही, पण जवळ दिसतो: आठ फुटांवरचा सहा फुटांवर असल्यासारखा. म्हणून भाला ‘उशिरा पोचला’ असं वाटतं. मासा थांबेपर्यंत धीर धरा आणि डोक्याच्या लगेच मागे नेम घ्या. मधल्या पाठीत मारलेला मासा जास्त झटके देतो आणि चांगलं मांसही फाटतं. भाला लागल्यावर तो क्षणभर तळाशी दाबून धरा, मगच वर घ्या. तळ गडद असेल तर बटाट्याच्या चकत्या किंवा अंड्याची टरफलं टाकतात. त्या पांढऱ्या पार्श्वभूमीवर माशाची रेघ उठून दिसते.

भाला सोडला की मासा परत सोडता येत नाही, त्यामुळे ओळख आधीच पक्की हवी. पाइकचं अंग गडद, त्यावर फिकट ठिपके, शेपटीची टोकं गोलसर. मस्की हा पाइकसारखाच दिसणारा त्याचा नातलग: अंग फिकट, त्यावर गडद खुणा, टोकं अणकुचीदार. मस्की भाल्याने मारणं तिथे बेकायदेशीर आहे. पाइकची लांबी आणि संख्या यांचे नियम विभागानुसार बदलतात. हंगाम १५ नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा शेवटचा रविवार असतो आणि गळाच्या परवान्यासोबत भाल्याचाही वेगळा परवाना लागतो.

शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या विनेबॅगो तळ्यावर फेब्रुवारीत स्टर्जन या मोठ्या माशाची भालेमासेमारी होते, तिच्यासाठी मात्र हा भाला घेऊ नका. तिथे ३६ इंचांपेक्षा छोटा मासा चालत नाही आणि मोठे मासे माणसाच्या उंचीचे असतात. त्यांना जड, डोकं दांड्यापासून सुटणारा भाला लागतो. ८ मिलिमीटरचे दाते त्यांच्या अंगावरच्या हाडाळ खवल्यांवर वाकू शकतात. गंगापूर किंवा दारणा धरणावरही हा नेण्यात अर्थ नाही. धरणातल्या मासेमारीचे हक्क ठेक्याने दिलेले असतात. शिवाय हा भाला स्थिर, नितळ पाण्यात, सरळ खाली पाहून वापरण्यासाठीच बनतो, आणि पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात हातभर खालचंही दिसत नाही.