गिफ्ट टिलापिया की रोहू-कटला? पाण्याच्या तापमानाकडे बघून ठरवायचं असेल तर

तीस बाय तीसचं पन्नी टाकलेलं तळं, परभणी जिल्ह्यातलं गाव आणि आपल्याकडचा पाऊस. गिफ्ट, म्हणजे लवकर वाढणारी सुधारित जात, असा टिलापिया मी दोन हंगाम केला, रोहू-कटला-मृगळचं हे चौथं वर्ष. वाढीचे आणि खाद्याचे तक्ते कुठंही मिळतात, ते इथं देत नाही. टिलापिया सहा महिन्यांत विक्रीला येतो, काटे कमी म्हणून गिऱ्हाईकही खूश, त्यामुळं कागदावर तोच पुढं आहे हे आधीच कबूल करतो.

पहिल्या हंगामात होळी झाल्यावर तीन हजार बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आणली. पिशव्या अर्धा तास पाण्यावर तरंगू दिल्या, मग तोंडं सोडली. तीन आठवडे खाद्य टाकलं की पाणी उकळल्यासारखं दिसायचं. एका सकाळी कोपऱ्यात चौदा मेलेली. दुसऱ्या दिवशी चाळीस. अंग काळवंडलेलं, डोळ्यांवर पांढुरकी साय, पोटाजवळचे खवले गळालेले. जिवंत होती ती वरच्या वर सुस्त पडून, खाद्याकडं ढुंकूनही बघेनात.

बीजवाल्यानं फोनवरच निकाल दिला, "ऑक्सिजन कमी पडला असंल." पण ऑक्सिजन गेला की पहाटे एका रात्रीत मरतात आणि मोठे आधी जातात. इथं एअरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारं यंत्र, रात्रभर चालू, तरी भर दुपारीसुद्धा, लहान-मोठे सारखेच, रोज थोडे थोडे जात होते. पंधरा दिवसांत निम्मं बीज गेलं. प्रयोगशाळेत नमुना पाठवला नाही ही माझी चूक, म्हणून छातीठोकपणे सांगत नाही. पण लक्षणं टिलापिया लेक व्हायरसशी तंतोतंत जुळत होती. हा विषाणू इस्रायलमध्ये 2014 साली ओळखला गेला, आपल्या देशात पश्चिम बंगाल आणि केरळमधून 2018 साली त्याची नोंद झाली. बीज नव्या तळ्यात सोडल्यावर पहिल्या महिन्यातच मर लागते, हीही त्याची जुनी खोड. माणसाला त्याचा त्रास नाही आणि माशाला त्यावर औषध नाही.

माशाचं अंग पाण्याइतकंच गरम किंवा गार. त्यामुळं विषाणू किती वेगानं वाढणार आणि मासा त्याला किती तोंड देणार, दोन्ही पाण्यावरच ठरतं. प्रत्येक विषाणूची तापमानाची ठरलेली पट्टी असते. कोई हर्पिस हा सायप्रिनस माशाचा (कॉमन कार्पचा) विषाणूजन्य रोग साधारण 16 ते 28 अंशांत पेटतो आणि पाणी तिशीच्या वर गेलं की दबतो. म्हणजे आपला उन्हाळा त्याला मानवत नाही. टिलापियाच्या विषाणूचं उलटं आहे. त्याची मर 22 ते 32 अंशांत दिसते, आणि टिलापिया खातो-वाढतो तोही याच पाण्यात. रोग थंड करणारा महिना वाढही थंड करतो. पुसात पाणी अठराच्या खाली उतरलं की टिलापिया खाद्य सोडतो, अजून उतरलं तर मरायलाच लागतो. आपल्याकडं रात्रीचा पारा कधीकधी पाच-सहावर येतो, तेव्हा हिवाळ्यावर भरवसा ठेवावा तर तीही सोय नाही.

टिलापिया सोडायचा माझा निर्णय मात्र यानं झाला नाही, तो झाला पाण्याच्या पातळीनं. फाल्गुनात दहा फूट असलेलं पाणी वैशाखात चार फुटांवर येतं. पाणी कमी, म्हणून लवकर तापतं. मासे तेवढेच, म्हणून दाटी वाढते. ताण आणि ताप एकाच पंधरवड्यात येतात. पुस्तकात लिहिलंय, ताजं पाणी सोडा. कुठून सोडू? बोअर मार्चमध्येच गुळण्या टाकायला लागतं आणि टँकर माणसांना पुरत नाही. दुसऱ्या वर्षी वर शेडनेटची सावली केली, थर्मामीटर सुतळीला बांधून तीन फुटांवर सोडला. वरच्या पाण्यात आणि तळात फार तर दोन अंशांचा फरक. त्या वर्षी मर कमी झाली, पण दोन महिने रोज दुपारी सुतळी ओढून बघणं माझ्यानं झेपलं नाही.

रोहू-कटल्यात मला आजवर अशी मर दिसली नाही. टिलापियाचा तो विषाणू मुख्यतः टिलापियालाच धरतो. यांचा त्रास उलट थंडीत. दिवाळीनंतर अंगावर लाल चट्टे, मग जखमा. तो विषाणू नाही, बुरशीसारखा जीव आहे, आणि चुना वेळेवर टाकला की बऱ्याचदा आटोक्यात येतो. वाढ हळू, एवढंच. त्यावर तोड म्हणून मी वर्षभर दाटीत, कमी खाद्यावर खुंटवून ठेवलेली मोठी बोटुकली आषाढात सोडतो आणि होळीच्या आसपास पाऊण किलोला विकून तळं रिकामं करतो. वैशाखात तळ्याचं काय होतंय याच्याशी मग माझं देणंघेणं उरत नाही.

ज्यांच्याकडं कॅनॉलचं किंवा बारमाही विहिरीचं पाणी आहे त्यांनी टिलापिया जरूर करावा, फक्त बीज पीसीआर तपासणीचं, म्हणजे प्रयोगशाळेत विषाणू नसल्याची खात्री केलेलं, घ्यावं. धाकट्या भावानं यंदा तसंच तपासलेलं आणून जुलैत सोडलंय, सध्या छान चाललंय. मार्च उजाडायच्या आत काढून टाक, एवढं त्याला दोनदा सांगून झालंय.